अकरा कागद आणि तीन सुगुणा

आदरणीय वीरभद्रय्या बावगारू यांना,

हनमकोंड्याहून तुमच्या धाकट्या मेव्हणीचा, म्हणजे सुगुणाचा, वाकून नमस्कार (गुडघा वाकू देतो तितकाच). निवृत्तीनंतर तुम्ही रोज सकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारता आणि घरी येऊन तीन मारल्याचं सांगता, असं अक्का फोनवर म्हणाली. दोन तर दोन, पण मारत राहा. रक्तदाबाची गोळी विसरू नका. अक्काने पाठवलेलं आवकाय लोणचं पोचलं. अर्धी बरणी आमच्या ह्यांनी एका आठवड्यात संपवली आणि आता पोट जळतं म्हणून माझ्याकडेच बघतात.

आमचं बरं चाललंय. पण बावगारू, मी दमले आहे. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं लोकांचं रक्त तपासून दमले नव्हते इतकी या दोन महिन्यांत दमले. हैदराबादच्या एका संस्थेत जीवरसायनाच्या एम.एस्सी.ला मी अर्ज केलाय आणि लेखी परीक्षेत पासही झालेय, हे अक्काने सांगितलं असेलच (मी कोणाला सांगू नकोस म्हटलं होतं, म्हणजे पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं असेल). ह्यांनी बातमी ऐकून भाताचा घास खाली ठेवला. म्हणाले, "अगं, पंचेचाळिसाव्या वर्षी माणसं स्वतःची साखर तपासून घेतात. तू शिकायला काय निघालीस?" मग तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी फाइल घेऊन आले, चेनवाली. त्यांचं असंच असतं.

मला वाटत होतं, परीक्षा अवघड आणि प्रवेश सोपा. झालं उलटं. संस्थेने अकरा कागदांची यादी पाठवली. त्यातला पहिला कागद दहावीचा, त्यावर मी बोल्ला सुगुणा. पदवीवर सुगुणाम्मा बी. आणि आधारकार्डावर लग्नानंतरची गड्डम सुगुणा. या तिन्ही बायका एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करायला कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याकडे गेले, तर त्याने चष्म्यावरून बघत विचारलं, "यातली आत्ता कोण आलीय?" मी म्हटलं, जी दमलीय ती. तो हसलासुद्धा नाही. बहुतेक त्याच्याकडे रोज अशाच येत असाव्यात.

मग आपल्या कॉलेजचा दाखला. आपलं कॉलेज बंद पडून तिथे लग्नाचा हॉल झालाय, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. जुनी दप्तरं स्टेजमागच्या खोलीत आहेत आणि किल्ली कोमुरय्याकडे (आपला जुना शिपाई, आता हॉलचा मॅनेजर, मिशा काळ्या केल्यात). मी गेले तो नेमका मुहूर्ताचा दिवस. दारात एका बाईने अंगावर गुलाबपाणी शिंपडलं आणि विचारलं, "मुलाकडच्या का मुलीकडच्या?" मी म्हटलं, दाखल्याकडची. तिला ऐकू आलं नसावं, कारण तिने मला हाताला धरून थेट पंगतीत बसवलं. चिंचेचा पुळिहोरा भात, वांग्याची भाजी, दोन प्रकारची मिठाई. पानावरून उठून जाणं बरं दिसेना. जेवले. मग मुलाच्या आत्याने मला चुलत जाऊ समजून फोटोत उभं केलं. तासाभराने कोमुरय्या भेटला. आम्ही दोघं स्टेजमागे रजिस्टरं उपसत होतो आणि पलीकडे मंगळसूत्र बांधलं जात होतं. वाजंत्री एवढी जोरात की त्याने माझं नाव चार वेळा विचारलं (त्यात मला तीन नावं!). शेवटी दाखला निघाला. "वर्तणूक" या शब्दापुढे त्याने आपल्या मनाने "उत्तम" लिहिलं आणि म्हणाला, "आत्ताच बघितली ना, पंगतीत कशी गुमान बसली होतीस."

दहा कागद असे जमले. अकरावा म्हणजे शिफारशीची तीन पत्रं. एक कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांचं. ते आमच्या डॉक्टरांनी दिलं. उरलेली दोन, ज्यांनी हा विषय स्वतः शिकवला अशा शिक्षकांची.

कनकदुर्गा मॅडम काझीपेटला असतात, वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांनी अंधुक दिसतं. पाया पडले तर म्हणाल्या, "नमस्कार राहू दे, क्रेब्स चक्र म्हण." पेशी अन्नातून शक्ती काढतात त्याच्या आठ पायऱ्या, बावगारू, मी चौथीवर अडकले. "ये पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी सहावीवर घसरले. तिसऱ्या रविवारी त्यांच्या शेंगा सोलत सोलत आठही म्हटल्या. त्यावर त्यांनी नुसता कागद पुढे केला. "मला दिसत नाही, मी सांगते, तू लिही. पण गोपनीय आहे, ऐकू नकोस." मी लिहिलं. "ही मुलगी हुशार नाही, पण समजल्याशिवाय उठत नाही. अशी मुलं मला चाळीस वर्षांत चारच मिळाली." मला पुढचं अक्षर दिसेना. मॅडम ओरडल्या, "थांबलीस का? ऐकत होतीस ना?"

यादगिरी सरांकडे गेले तर भिंतीवर सर होते, हारात. मागच्या पावसाळ्यातच गेले म्हणे. त्यांच्या बायकोने चहा दिला, मी पांढऱ्या साडीकडे बघत प्याले आणि आल्याचं कारण सांगितलंच नाही. बसस्टॉपवर मात्र रडू आलं. सरांसाठी आलं की पत्रासाठी, हे अजून माझं मलाच कळलेलं नाही.

असो. रडगाणं फार झालं. हे पत्र खरं तर तुमची ख्यालीखुशाली विचारायलाच लिहिलं. अक्काला आणि मुलांना आठवण सांगा.

तुमची,
सुगुणा

ता. क. : तिसऱ्या वर्षाला एन्झाइम तुम्ही शिकवलीत. (वर्गात "सर" म्हणायचं, घरी "बावगारू". मी एकदा उलट बोलले तर सगळा वर्ग आठवडाभर तुम्हाला बावगारू म्हणत होता.) मॅडम सोडल्या तर शिकवणाऱ्यांपैकी आता तुम्हीच उरलात. कोरा फॉर्म सोबत जोडलाय. शेवटची तारीख अठरा.

आणखी ता. क. : फॉर्ममध्ये सातवा रकाना आहे : "उमेदवाराच्या शिक्षणात खंड पडला असल्यास कारण." तो मी भरायचा नाही, शिफारस करणाऱ्याने भरायचा. माझा खंड तेवीस वर्षांचा. त्या वर्षी एम.एस्सी.च्या प्रवेशाचं पत्र आलं होतं. नान्नांनी ते आपल्या एकुलत्या एक शिकलेल्या जावयाला दाखवलं. जावई ओसरीवर म्हणाले, "पदवी झाली, पुरे झालं. आणखी शिकवलीत तर मुलगा कुठून आणाल?" मी आत त्यांच्यासाठीच चहा गाळत होते. नान्नांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. मी बाहेर येऊन चहा दिला. तुम्ही साखर कमी आहे म्हणालात. राग धरून लिहीत नाही. (धरला होता, पण तो सांभाळायलाही वेळ लागतो.) तुम्हाला आठवत असेल तेच लिहा.

अगदी शेवटचं : त्या रकान्यात तीनच ओळी आहेत. खाली टीप दिलीय, की जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा.