ऑइल आणि होईल

चि. ठिणगी हिला मामाचा आशीर्वाद. रागात असलीस तरी घेऊन ठेव, राग गेल्यावर उपयोगी पडेल. तू आणि तुझी आई खुशाल असाल, आईची कंबर ताळ्यावर आली असेल आणि तुझ्या गॅरेजचा मालक अजूनही 'बाई असून' हे दोन शब्द आधी लावल्याशिवाय तुला शाबासकी देत नसेल, असं धरून चालतो. इकडे मी ठीक आहे. तुझी मामी माझ्याहून ठीक आहे, कारण मी आता दिवसभर घरात असतो आणि तिला बोलायला माणूस मिळाला आहे. (ऐकायला मिळाला का, ते पुढे येईल.)

तुझं पत्र मिळालं. चार ओळींच्या पत्रात तीनदा 'ठीक आहे' लिहिलंयस, म्हणजे काहीच ठीक नाही एवढं मला कळतं. मुख्याध्यापिकाबाईंनी तुला माझ्या जागी मोटार दुरुस्तीचा वर्ग घेशील का असं विचारलं, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे, मामाला सात वेळा फोन केला, मामानं एकदाही उचलला नाही. तेव्हा मामाला त्याच्या जागेवर मी नको असणार, ठीक आहे, मी 'नाही' कळवून टाकते. आणि शेवटी, 'तिथे माझ्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय एवढं तरी सांगायचंस' असं लिहून कागद फाटेल इतक्या जोरानं सही केली आहेस. तर काय वाढून ठेवलंय ते सांगतो. पत्र संपेपर्यंत बाईंना काही कळवू नकोस. फोन न उचलण्याचं कारणही यातच आहे, पण ते मला एकदम लिहिता येत नाहीये, म्हणून जरा वळसा घालून येतो.

खोली शाळेच्या मागच्या अंगाला, संगीताच्या वर्गाला चिकटून आहे. (ही जागा ज्यानं ठरवली त्याला दोन्ही विषय आवडत नसावेत.) शटर अर्ध्यावर अडकतं, वाकून आत जावं लागतं. दुरुस्ती शिकायला येणाऱ्यानं मान खाली घालूनच यावं, असं मी बावीस वर्षं मुलांना सांगत आलो. खरं म्हणजे त्याची स्प्रिंग मिळत नव्हती. मुलं अकरावी-बारावीची असतात आणि पहिल्या दिवशी गाडी चालवायला मिळणार अशा समजुतीनं येतात. त्यांच्या हातात रॉकेलची बादली आणि ब्रश दिला की निम्मी दुसऱ्या आठवड्यात चित्रकलेला जातात. उरतात ती तुझी. त्यांना सैल करायला पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते माहीत नसतं. वर्षभरानं माहीत होतं, पण गाडीखाली उताणं झोपल्यावर पुन्हा उलटं होतं. दहा नंबरचा पाना हरवेल. नवा आणलास की तोही हरवेल. मी एकदा एकदम डझनभर आणले, आता खोलीत बाकी सगळे आकडे आहेत. एखादं यंत्र उघडून परत जोडलं की तीन बोल्ट उरतात आणि मुलं ते गुपचूप खिशात घालतात, तेव्हा घरी सोडण्याआधी खिसे बघत जा. आणि कोणी 'सर, जवळजवळ झालंय' असं म्हणालं (तुला 'मॅडम' म्हणतील, सवय कर) तर समज की अजून सुरुवात व्हायची आहे.

यंदाच्या मुलांतली दोन तुला लगेच ओळखता येतील. एक जांभई. हा मुलगा उभ्या उभ्या जांभया देतो, पण त्याचा हात कधी झोपत नाही. दुसरी एक बारीकशी मुलगी, तिला मी कुजबुज म्हणत असे, कारण पहिल्या दिवशी तिनं आपलं नाव सांगितलं ते मला तीनदा विचारावं लागलं. वर्ग हसला, मीही हसलो आणि नाव चिकटलं. ते मी ठेवायला नको होतं.

आता कानांकडे येतो. इंजिनाचं दुखणं कानानं ओळखायचं, हे आमच्या वर्गाचं नाक. तुला लहानपणी मीच शिकवलं होतं: लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, की आत कोण कुरकुरतंय ते कळतं. माझ्या त्या कानावर गावभरच्या गाड्या आणि माझा सगळा रुबाब चालत होता. चारेक वर्षांपूर्वी ती कुरकुर कमी होऊ लागली. मला वाटलं, हल्ली इंजिनंच चांगली निघतात. मग मुलं हळू बोलायला लागली, मला वाटलं, पिढी सभ्य झाली. मग दाराची घंटा बिघडली, ती मी दोनदा उघडून दोनदा परत लावली. तुझ्या मामीला मात्र काहीच फरक जाणवला नाही. मी तिचं ऐकत नाही ही तिची तक्रार लग्नाच्या पहिल्या महिन्यापासूनची आहे. डॉक्टरांनी कानात घालायचं एक यंत्र दिलं. ते घातलं की खाली पडलेला पाना बाँबसारखा वाजतो आणि माणसाचं बोलणं तेवढं येत नाही. सध्या ते जुन्या प्लगांच्या डब्यात आहे. मला ऐकू येत नाही, ठिणगे. डॉक्टर सोडले तर हे मी पहिल्यांदा तुलाच सांगतोय.

आमच्या खोलीच्या मधोमध लोखंडी चौकटीवर एक जुनं इंजिन आहे, मुलं त्याला आजोबा म्हणतात. बावीस वर्षं दर सोमवारी ते एका झटक्यात सुरू होत असे. पहिल्या सत्रात एका सोमवारी मी कुजबुजला म्हटलं, आज आजोबांना तू उठव. तिनं पद्धतशीरपणे ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली, पुसली, परत घातली, काढून पाहिली. (आदल्या शनिवारी सगळं ऑइल मीच काढून ठेवलं होतं आणि विसरलो होतो.) ती माझ्याकडे वळून म्हणाली, 'सर, ऑइल नाही.' मला ऐकू आलं, 'सर, होईल ना?' मला केवढं भरून आलं म्हणून सांगू. भित्रं पोर धीर मागतंय असं वाटून मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी वडिलांच्या आवाजात म्हणालो, होईल, होईल, घाबरायचं नाही, कर सुरू. तिनं एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि सर म्हणतात म्हणून सुरू केलं.

कोरडं इंजिन कसं किंचाळतं ते तुला सांगायला नको. मी शेजारी उभा राहून, बघा, किती शांत चालतंय, असं सांगत होतो. समोर सगळा वर्ग कानांवर हात ठेवून उभा होता. मला वाटलं चेष्टा चाललीय. मग आजोबा एकदम थांबले, ते थांबलेच, आतलं सगळं एकमेकांना चिकटून बसलं. मी पट्टी ओढून पाहिली, कोरडी, आणि त्या मुलीवर सगळ्यांसमोर ओरडलो. इथेही कुजबुजायचं का, ऑइल नाही एवढं मोठ्यानं सांगता येत नाही का, बावीस वर्षांचं इंजिन घालवलंस. संध्याकाळी घरी साबणानं हात धुताना मला तिचे ओठ पुन्हा डोळ्यांसमोर आले आणि ती काय म्हणाली होती ते कळलं. दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. ज्या कानांवर इतकी वर्षं मिरवलो ते एका वाक्यात काढून टेबलावर ठेवायची मला लाज वाटली.

मुलं मात्र हुशार. त्यांनी आपापसांत ठरवलं की सरांना जरा कमी ऐकू येतं, तेव्हा आपण मोठ्यानं बोलायचं आणि सरांना कळू द्यायचं नाही. पुढच्या आठवड्यापासून वर्ग असा गर्जू लागला की संगीताच्या बाईंनी लेखी तक्रार केली. कुजबुज सगळ्यांत मोठ्यानं बोलायची, इतकी की इतिहासाच्या तासाला तिला बाहेर काढलं. याच दिवसांत मुख्याध्यापिकाबाई आपली गाडी घेऊन आल्या, कसला तरी आवाज येतोय म्हणाल्या. मी ऐटीत स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. आत सामसूम. बाईंच्या पाठीमागे जांभईनं दोन्ही हात पंखांसारखे हलवून चोच उघडझाप केली. मी गंभीरपणे म्हणालो, 'पंखा...' त्याचा चेहरा पडला, मान जोरजोरात हलवत त्यानं स्वतःच्या पँटचा पट्टा धरून ओढला. मी म्हणालो, '...पंख्याचा पट्टा.' पक्ष्यासारखा चिवचिवत होता म्हणे. बाई म्हणाल्या, सरांचा कान म्हणजे कान. पोरानं पँट सावरली आणि जांभई दिली. मी त्या दिवशी घरी येऊन खूप हसलो, आणि मामीनं का हसता विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही.

हे असंच निभावलं असतं. पण गेल्या महिन्यात कुजबुज गाडीखाली होती. जॅक लावल्यावर खाली आधाराची लोखंडी घोडी लावल्याशिवाय कोणी गाडीखाली जायचं नाही, हा माझा नियम. मी विचारलं, घोडी लावली का? कोणीतरी उत्तर दिलं, ते मला 'लावली' असं वाटलं. ते 'लावतोय' होतं. मी पाठ फिरवून फळ्यावर आकृती काढत होतो आणि माझ्या मागे जॅक हळूहळू बसत होता. ती ओरडली. चार हातांवर मी, आणि मी खडूनं बाण काढत होतो. जांभईनं तिचे पाय धरून तिला ओढून काढलं. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. ती उठली, तोंडाला काळं ग्रीस, आणि माझ्यासमोर येऊन काहीतरी म्हणाली. ते मात्र मला ओठांवरून नीट कळलं. 'सर, मी मोठ्यानंच ओरडले होते.'

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. गुडघे दुखतात असं लिहिलं. बाईंनी मलमाची बाटली भेट दिली.

म्हणून फोन उचलला नाही, ठिणगे. तुझ्या आवाजातला राग ऐकू आला असता तर बरं झालं असतं. माझ्या जागेवर तू नकोस असं नाही, तूच हवी आहेस. त्या खोलीला दोन धड कान हवेत. आजोबांचे तुकडे मुलांनी लांबच्या टेबलावर चिठ्ठ्या लावून मांडून ठेवले आहेत आणि ते जोडणारं त्यांना कोणीतरी हवं. शुक्रवारी 'हो' कळव. माझं म्हणशील तर मी त्या खोलीतून मोकळा झालोय, कुंड्यांना पाणी घालतो, त्या शाळेकडे फिरकायचं आता मला काही कारण उरलेलं नाही.

आईला नमस्कार सांग. तुला पुन्हा एकदा आशीर्वाद, पहिला रागात वाया गेला असेल तर हा वापर.

तुझा,
मामा

ता. क. बाईंपुढे गुडघ्यांचंच चालू ठेव. मलम खरोखर लावतोय.

ता. क. दुसरा. दहा नंबरचा एक पाना मला माझ्याच जुन्या कोटाच्या खिशात सापडला. मुलांची झडती घेताना माझी कोणी घेतली नाही. सोबत पाठवतोय.

ता. क. तिसरा. वरचं गुडघ्यांचं खोडून टाक. आणि कुंड्यांचंही, आमच्याकडे एकच कुंडी आहे. तुझ्या पहिल्या दिवशी मला दहा मिनिटं वर्गात येऊ दे. त्या मुलीचा आवाज पहिल्यापासून नीट होता, दोष माझ्या कानांचा होता, हे मला सगळ्यांसमोर सांगायचं आहे, जसं सगळ्यांसमोर ओरडलो होतो तसंच. तिचं खरं नावही हजेरीतून मला लिहून दे, त्याच नावानं हाक मारीन. त्यावर ती काय म्हणेल ते मला ऐकू येणार नाही, म्हणून तू माझ्या शेजारी उभी राहा आणि तिचं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवून माझ्या हातात दे. वाईट बोलली तरी बदलू नकोस. होईल ना?