आबांच्या होड्यांचे ठसे

बारामती, ४ जानेवारी १९९४

चि. रोहिणीस,
दादाचा आशीर्वाद. वि. वि. इकडं सारे खुशाल.

बातमी वाईट हाय. आबांच्या दहाव्याला गेणूकाकानं आठवण म्हणून मागून नेलेले लाकडी ठसे आठवतात ना? जपानी चित्रं समोर ठेवून आबांनी कोरलेले, समुद्रकिनारा अन् होड्यांचे? त्यांचे छाप इथं प्रदर्शनात लागलेत, खाली नाव काकाचं! सात वर्षं आबांनी डोळे फोडले अन् कलावंत झाला हा. रविवारी पाहुण्यांसमोर छापूनही दाखवणार. मी जाब विचारला, तर आबांबद्दल म्हणाला, बिरूला नुसता नाद होता, हात माझा. तू मात्र डोकं थंड ठेव.

तुझी खुशाली कळवत जा.
मल्हार

अंथुर्णे, ७ जानेवारी

ती. दादास,
रोहिणीचा शि. सा. न.

डोकं थंडच हाय. काल काकाच्या घरी गेले. सिंधुकाकू चहाला उठली, मी पिशवीतनं कानस काढली. पोहेही मागितले, वेळ पाहिजे होता. पाच रंगांचे पाच ठसे, प्रत्येकाच्या कोपऱ्यात खाच. कागद खाचेत बसला तरच रंग जागच्या जागी पडतो, हे आबांनी आपल्याला शिकवलं. काका कधी शेजारी बसला न्हाय. सगळ्या खाचा घासून इकडं-तिकडं सरकवल्या. आता बस म्हणावं मांडी ठोकून!

वहिनींना नमस्कार. माझ्यावर रागवू नकोस.
रोहिणी

बारामती, १० जानेवारी

चि. रोहिणीस आशीर्वाद.

अगं, शिडं एकीकडं, होड्या दुसरीकडं, निळा रंग थेट नावाड्याच्या तोंडावर! आधी एक बाई हसली, मग सगळा मांडव. काका घामाघूम. चार कागद नासल्यावर एका मास्तरांनी विचारलं, हे तुम्हीच कोरलं का? तेव्हा काकानं मान खाली घालून आबांचं नाव घेतलं. काळीज निवलं बघ. ठसे मी घेऊन आलोय. खाचा परत नीट कशा करायच्या, ते लिही. वर्षश्राद्धाला एक छाप काढू.

वाट बघतो.
मल्हार

अंथुर्णे, १४ जानेवारी

ती. दादास सा. न.

नीट होणार न्हाय, दादा. ठसे उजेडात धरून बघ. खाचांबरोबर त्यांना लागून असलेल्या किनाऱ्याच्या रेघाही तासल्यात मी. गेलेलं लाकूड परत भरत न्हाय. घासताना हे मला ठाऊक होतं. रडत होते, पण हात थांबवला न्हाय. आबांची होडी आता काकाला छापता येणार न्हाय, तुला न्हाय, मलाही न्हाय.

तरी पुन्हा तशी वेळ आली, तर पुन्हा घासीन.

धाकटीवरची माया तुटू देऊ नकोस.
रोहिणी