आठ तासांचं रक्त

४ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. आ.

तुझं पत्र आणि बाबांचं खिशातलं घड्याळ, दोन्ही पोचलं. दिवसाला दहा मिनिटं मागे पडतं म्हणतोस. कमानीला मळ धरला असणार. कालच उघडलं, भाग सुटे करून काचेच्या वाटीत ठेवलेत. जोडायला मात्र वेळ लागेल, कारण सकाळी बोटं मिटतच नाहीत. दुकान आता अकराला उघडते. डोळ्याला भिंग लावलं की घड्याळाआधी माझीच सुजलेली पेरं दिसतात.

नव्या सांधेतज्ज्ञांनी ईएसआर आणि सीआरपी अशा दोन तपासण्या समोरच्या लॅबमधून करायला सांगितल्यात. तिथली बाई फोनवर बोलत बोलत सुई टोचते. आपल्या घरात दात दुखला तरी तुला विचारून दुखतो, मग तू स्वतः लॅबमध्ये असताना रक्त परक्याकडे कशाला? नर्सबाई सकाळी सातला घरी येऊन काढून देतील. बसचा चालक ओळखीचा आहे, थर्मासमध्ये घालून गुरुवारी पाठवते. यांनी कपाळाला हात लावला, पण तू लक्ष देऊ नकोस.

मुलांना गोड पापा. आहे ती माया असू दे.
तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अभिनंदन, पास झालीस! गुरुवारी दुपारी तीनला थर्मास हातात पडला. नळीवर तू वेळसुद्धा लिहिलीस, घड्याळवालीच शेवटी. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही, स्वतः नळी लावली. उभ्या नळीत रक्त तासभर ठेवायचं आणि लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते बघायचं, हाच तुमचा ईएसआर. अंगात सूज असली की पेशी भराभर बसतात. तुझ्या बसल्या अठरा. त्रेपन्न वर्षांच्या बाईला तीसपर्यंत चालतं.

सीआरपी केलं नाही. यकृत सुजेच्या वेळी जे प्रथिन सोडतं ते यंत्र मोजतं, आणि आमचं यंत्र रुसलेलं असतं. सव्वीस वर्षं नळी बघतोय, ती खोटं बोलत नाही.

तेव्हा संधिवाताच्या आठवड्याच्या गोळ्या निम्म्या कर. केस गळतात म्हणून रडतेस ना? डॉक्टरांना पुढच्या खेपेला सांगता येईल. भावोजींना फोन करून सांगितलं की ताईला दुखण्यापेक्षा कामाचा कंटाळा जास्त आलाय. ते खूप हसले.

धाकट्यावर राग धरू नये ही विनंती.
तुझा भाऊ

२ जून

चि. भाऊस,
अ. आ.

मे महिन्यात तशीच बसने पाठवलेल्या दुसऱ्या नळीचे सोळा कळले. तू खूश, हे खूश. मी एकटीच नापास झाल्यासारखी वावरते आहे.

गोळ्या निम्म्या केल्यापासून उजवं मनगट वळत नाही. परवा शेजारच्या मास्तरांच्या मनगटी घड्याळाचा स्क्रू चिमट्यातून तीनदा निसटला, चौथ्यांदा सापडलाच नाही. मास्तर घड्याळ उचलून निघून गेले. घरी दुखतं म्हटलं की हे तुझा अठराचा कागद दाखवतात. तो कागद यांनी फ्रिजला चिकटवलाय. डॉक्टरांची तारीख मीच पुढे ढकलली. चांगला आकडा घेऊन रडायला जायची लाज वाटते.

एक विचारते, चिडू नकोस. आकडा बरोबर आणि हात चूक, असं असतं का रे?

उत्तर लवकर पाठव. मायेत कमी नको.
तुझी ताई

१० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

असं नसतं. मनातून भीती काढून टाक, हात आपोआप चालेल. घड्याळाची घाई नाही, पण बाबांच्या तिथीपर्यंत मिळालं तर बरं.

तुझ्या आशीर्वादाचा धनी,
भाऊ

२८ सप्टेंबर

चि. भाऊस,

शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागद बाजूला ठेवून आधी मनगट दाबलं. मी ओरडले. मग समोरच्या लॅबमध्ये, तीच फोनवाली बाई, दोन्ही तपासण्या केल्या. ईएसआर अठ्ठ्याहत्तर, सीआरपी मर्यादेच्या आठपट. एक्स-रेमध्ये मनगटाची हाडं कुरतडली गेलीत. गोळ्या पूर्ण केल्यात, पण झिजलेलं भरून येत नाही म्हणाले. आकडा आणि सांधा दोन्ही बघायचे असतात, आणि दोघांचं पटत नसेल तर सांध्याला आधी विचारायचं, असंही म्हणाले.

तुझे अठरा कुठून आले, तेवढं कळव.
ताई

६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रजिस्टर काढून बघितलं. दोन्ही वेळेस रक्त काढलं सकाळी सात, नळी लावली दुपारी तीन. माझंच अक्षर आहे.

ताई, रक्त चार तासांच्या आत लावायचं असतं. तुझ्या थर्मासमधल्यासारखं बर्फाशिवाय तसंच राहिलं तर पेशी नीट बसत नाहीत आणि आकडा कमी येतो. नव्या लोकांना हे मीच शिकवतो. परक्याची नळी असती तर मी परत पाठवली असती. तुझी नाही पाठवली. तू एवढ्या विश्वासाने पाठवलंस, मला मोठेपणा वाटला. जूनमध्ये तू सरळ विचारलंस तेव्हा मनात आलं होतं, आणि मी रजिस्टर उघडलं नाही. सीआरपी तर बसमधूनही टिकलं असतं, तेही मीच टाळलं.

काय शिक्षा द्यायची ती दे. भावोजींना मी फोन करतो.
तुझा भाऊ

१९ ऑक्टोबर

चि. भाऊस,

अक्षर वाकडं आहे, पेनाला फडकं गुंडाळून लिहिते आहे. यांना फोन करू नकोस. कागद त्यांनी स्वतःच फ्रिजवरून काढला. लाज वाटली असेल.

वेळ मीच लिहिली होती नळीवर. सात वाजून पाच मिनिटं, पाचसुद्धा सोडली नाहीत. घड्याळवाल्याची दोन मुलं, आणि सात ते तीन कोणी मोजलं नाही. तुझ्यावर राग आहे. खूप आहे. कधी जाईल माहीत नाही, जाईलच असंही नाही. तू चुकलास त्याचा कमी आहे, माझं दुखणं हसण्यावारी नेलंस त्याचा जास्त.

दुकानाची पाटी काल उतरवली. मास्तर पाटी धरायला आले होते.

सोबत बाबांचं घड्याळ आहे. भाग पुडीत वेगळे बांधलेत, तेवीस आहेत, मोजून घे. उघडलं तेव्हा हात चालत होता, आता मला ते मिटता येत नाही. तुझ्या जवळपास कोणी चांगला कारागीर असेल त्याला दे. घरचाच माणूस पाहिजे असा हट्ट धरू नकोस.

ताई