म्हातारा गुरू नाशिकला गेला

५ जून, मॉरिसव्हिल
आज पुन्हा तेच! "प्रीता, शाळेत काय झालं?" – "नथिंग." जेवलीस का? – "याह." नऊ वर्षांची एकुलती एक नात, आणि सांगलीहून एवढ्या लांब अमेरिकेत येऊन माझ्या वाट्याला नथिंग आणि याह! परत जायच्या आत ही पोर माझ्याशी मराठीत धड चार वाक्यं बोलली, तरी मी भरून पावले.

७ जून
यतीनला जुन्या चिनी कुंग फू सिनेमांचं वेड. कॉलेजात होतं, चाळिशीतही आहे. आज लायब्ररीतून त्याचा लाडका सिनेमा आणला, तो लावून दिला आणि स्वतः पिझ्झा आणायला गेला. जाता जाता म्हणाला, "आई, हीरोच डिरेक्टर आहे. फाइट्सही त्यानेच बसवल्यात!" मग काय, हा हरतोय कशाला!

बोलणं चिनी, खाली इंग्रजी अक्षरं धावतात. मला चष्मा सापडेपर्यंत तिघं आडवे. हीरोचा म्हातारा गुरू मात्र अगदी ह्यांच्यासारखा – एक पाय खुर्चीवर, सतत चहा, आणि दुसऱ्याच्या कामात खोड काढणं. बघून इतकं बरं वाटलं!

तेवढ्यात दुष्टांनी त्याला घेरलं. मी चष्मा लावते तोच अक्षरं गायब. "बिघडलं," प्रीता म्हणाली. रिमोट तिच्याच हातात. म्हातारा कोसळला, हीरो रडायला लागला. ह्यांना जाऊन वर्षच झालंय. पण आल्या दिवशीच यतीनने बजावलंय – "आई, प्रीतासमोर बाबांचा विषय नको. शी इज टू यंग."

मी पटकन म्हटलं, "झोपलाय गं तो. दमलाय. आता हवापालटाला नाशिकला जाईल."
"नाशिक? इन चायना?"
"हो, तिथेही आहे एक."
प्रीता सरकून मला चिकटून बसली. मग म्हणाली, "मग काय झालं, आजी?"
मराठीत!!

१४ जून
रोज संध्याकाळी तोच सिनेमा. अक्षरं बिघडलेलीच आहेत, ते बरंच आहे. सगळ्यांचं मीच बोलते. खलनायकाला आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याचा आवाज दिलाय. त्याचं तोंड मिटतं तरी माझं वाक्य चालूच! प्रीता हसून गालिच्यावर लोळते.

२२ जून
मराठी मंडळाचं जेवण. हेमचंद्रकाका, रिटायर्ड डॉक्टर, इथले सगळ्यांत जुने. प्रेमाने विचारलं, "काय बाळ, मराठी येतं का?"

प्रीताने एक पाय पुढे टाकला, तळवे उचलले – "नराधमा! माझ्या गुरूच्या अपमानाचा सूड घेतल्याशिवाय मी जेवणार नाही!"

काकांचा मसालेभात शर्टावर. सूनबाई लालबुंद. "आई, हे काय शिकवलंत तिला?" मी म्हटलं, आश्लेषा, वाक्य किती शुद्ध आहे ते तरी बघ! सूड राहिला बाजूला, श्रीखंड मात्र पोरीने दोनदा घेतलं.

२३ जून
आश्लेषा बोलत नाही. प्रीता बोलतेय – दिवसभर!

६ जुलै
आज पहिल्यांदा अगदी शेवटपर्यंत बसलो. नावं येतात तेव्हा बाजूला शूटिंगच्या फजित्या दाखवतात. हीरो उडी चुकतो, धाडकन पडतो, पायाला प्लास्टर – आणि तसाच लंगडत पुन्हा उडी मारायला! मी टीव्हीलाच रागावले. एवढं लागलंय, ते कशाला जगाला दाखवायचं?
प्रीता म्हणाली, "तो लपवत नाही, आजी."
मग हळूच – "गुरू नाशिकहून कधी येणार?"
"येईल," म्हटलं. आणि भांडी घासायला उठले.

२ ऑगस्ट
उद्या निघायचं. यतीनला म्हटलं, माझ्यामागे टीव्हीची अक्षरं तेवढी दुरुस्त करून घे. त्याने रिमोटचं एक बटण दाबलं. आली!
"काहीच बिघडलं नव्हतं, आई. कुणीतरी बंद केलेली. आणि प्रीताने तर हा पिक्चर माझ्याबरोबर कितीदा बघितलाय, यार! तिला सगळा पाठ आहे."
प्रीता तिच्या खोलीत पळाली.

३ ऑगस्ट, विमानतळ
रांगेत उभी होते. प्रीताने वाकायला लावलं आणि कानात सांगितलं – "आजी, गुरू मेला होता. तू वाचशील आणि रडशील, म्हणून मी अक्षरं बंद केली. आता मला आजोबांचं सांग ना."
मी बॅग घेऊन रांगेतून बाहेर आले.