वन्संचा कप आणि माझी सरासरी

३ मार्च, सोमवार
आलं: मेण दहा किलो, १८५०. वातीचा दोरा दोन रिळं, ९०. काचेचे पेले चार डझन, ४८० (दोन तडकलेले निघाले, बदलून घेतले, तडकलेलेही परत दिले नाहीत). चौकटीचा कागद, १२. भाच्याचं पत्र, ५. पठ्ठ्यानं तिकीट कमी लावलं, दंड मी भरला. आणि हा म्हणे कारखान्यात क्वालिटी बघतो.

विषय असा. गेल्या महिन्याच्या सुरुवातीला दुकानदारानं चाळीस पेले परत आणले. पेल्यातली मेणबत्ती आठ तास जळायला हवी. काही पाच तासांत विझल्या, काही दहा तास जळत बसल्या. घरात मेण ओतणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि वन्सं. दुकानदारासमोर वन्सं म्हणाल्या, कुणाचा तरी हात हलतो. म्हणाल्या फरशीकडे बघून. फरशी नुकतीच मी पुसली होती, म्हणजे रोख माझ्यावरच.

सूड घेणार नाही. देवाला सकाळीच तसं सांगून टाकलं. फक्त आकड्यांनी सिद्ध करून दाखवणार, आणि तेव्हा त्यांचं तोंड पाहणार.

वीस तारखेला दुकानदार पुन्हा येणार. वर्षाची ऑर्डर द्यायची तर ओतण्याचं काम एकाच हाताकडे, असं बजावून गेलाय. ज्याचा हात त्याच्याकडे मेणाच्या कपाटाची किल्ली. ती चौदा वर्षं माझ्या कमरेला आहे.

४ मार्च, मंगळवार
भाच्याची पद्धत सोपी आहे. रोज प्रत्येकीच्या पाच मेणबत्त्या तोलायच्या. कागदावर मधे साठ ग्रॅमची रेघ, वर त्रेसष्टची, खाली सत्तावन्नची. वजनाचे ठिपके द्यायचे. ह्या रेघा त्यानं मी कळवलेल्या पंधरा दिवसांच्या वजनांवरून काढल्या. ती सगळी वजनं वन्संची होती. स्वतःची घ्यायला मला वेळ कुठला.

पुढे लिहितो, ठिपका रेघांच्या आत असेल तर हाताला आवर घाल, काही सुधारायला जाऊ नकोस. बाहेर गेला तर माणसाला बोलू नकोस, त्या दिवशी काय बदललं ते शोध. हे कारखान्यापुरतं असावं. घरात माणसालाच बोलावं लागतं.

६ मार्च, गुरुवार
दोन चार्ट भिंतीवर लावले. वन्संचा डावीकडे, तांबड्या शाईत, लांबून दिसेल असा. माझा उजवीकडे, नमुना म्हणून.

वन्संचे आजचे: ६०, ६१, ५९, ६०, ६१. सुरुवातीला कुणीही जपून वागतं.
माझे: ६४, ५६, ६३, ५७, ६०. सरासरी बरोबर साठ.

८ मार्च, शनिवार
ओतायची माझी रीत हिशेबी माणसाची आहे. एका पेल्यात चार ग्रॅम जास्त पडलं, की पुढच्यात चार कमी. जमा आणि खर्च जागच्या जागी मिटतात. वन्संना हिशेब येत नाही. त्या टवका उडालेला एक जुनाट कप घेऊन बसतात, आतल्या ओरखड्यापर्यंत भरतात, ओततात, पुन्हा भरतात. आधीच्या पेल्यात काय झालं याची त्यांना फिकीरच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तो पेला झाला की वहिनी. आता त्याचं काय?" असा बेफिकीर स्वभाव.

ह्यांना दोन्ही चार्ट दाखवले. ह्यांनी चष्मा पुसला, दोन्हींकडे पाहिलं आणि अंघोळीला गेले. भावाला बहिणीविरुद्ध बोलवत नाही, मी समजून घेतलं.

९ मार्च, रविवार
सुट्टी. प्रार्थना जरा लांबवली. देवाला म्हटलं, न्याय हवा, घाई नाही. वीस तारखेच्या आत झाला तरी चालेल.

११ मार्च, मंगळवार
वन्संचे पाच दिवसांचे पंचवीस ठिपके, एकही बाहेर नाही. हे संशयास्पद आहे. खरा माणूस कधी तरी चुकतो.

माझे आज ६७, ५२, ६८, ५३, ६०. कालच्या चुका आज फेडल्या म्हणून जरा उड्या दिसतात. सरासरी साठ. आपल्या चार्टच्या रेघा थोड्या लांब सरकवल्या. कागद माझ्याच पैशांचा आहे.

१२ मार्च, बुधवार
आज एक गोष्ट घडली. खरं तर मी घडवली, पण प्रेरणा वरून आली.

फडताळात मागे तसल्याच रंगाचा, जरा मोठा एक कप होता. त्यालाही आत तसाच ओरखडा मारला. सकाळी तो वन्संच्या जागी ठेवला आणि त्यांचा पिठाच्या डब्यामागे. पहिली मेणबत्ती ६६! तांबडा ठिपका थेट रेघेबाहेर. आत जाऊन हात जोडले.

परत येते तो वन्सं शेगडी बंद करून बसलेल्या. दुसरी ओतलीच नव्हती. आधी मेण तपासलं, मग तराजू, मग कप हातात फिरवून म्हणाल्या, याला टवका नाही. सगळं घर शोधू लागल्या. कपाटाखाली सुद्धा वाकल्या, गुडघे दुखत असताना. शेवटी मलाच तो "सापडला". वन्संनी टवक्यावरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि शेगडी पेटवली.

बाकीच्या चार: ६०, ५९, ६०, ६१.

तरी ठिपका बाहेर गेला तो गेलाच. मी त्याच्याभोवती गोल काढला.

१७ मार्च, सोमवार
दुकानदारासमोरचं भाषण पाठ केलं. तीन मुद्दे. एक, गोल. दोन, माझी सरासरी. तीन, फरशीकडे बघून बोलणं घरंदाज बाईला शोभत नाही.

वन्संना दया म्हणून वाती कापायचं काम देईन. ते बसून करता येतं.

१९ मार्च, बुधवार
आज माझा एक ४९ आला. त्याची भरपाई म्हणून पुढच्यात ७१. पेला काठोकाठ भरला, वात बुडाली. तोललेल्या बाकीच्या तिन्ही साठ. सरासरी साठच. इतका चोख हिशेब बँकेतही नसेल.

२० मार्च, गुरुवार
दुकानदार दहाला आला. चहा पाजला, दोन चमचे साखर घालून.

भिंतीपाशी बराच वेळ उभा राहिला. उजवीकडचा कुणाचा, विचारलं. मी पदर सावरून सांगितलं, माझा, आणि सरासरी सांगितली. त्यानं माझ्या ट्रेमधला ४९चा पेला उचलला, उजेडात धरला आणि म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक सरासरी पेटवत नाही. त्याच्या हातात एकच मेणबत्ती येते."

तरी गोल बाकी होता. मी बोट ठेवलं. म्हटलं, बारा तारखेचं काय ते यांना विचारा.

वन्सं म्हणाल्या, "त्या दिवशी कप बदलला होता. पहिल्याच पेल्याला कळलं."

"कुणी बदलला?"

मी फरशीकडे बघत होते. वन्सं म्हणाल्या, "कप सापडला, तेवढं पुरे."

दुकानदार म्हणाला, बाहेर गेलेला ठिपका ज्या बाईला पहिल्याच पेल्याला कळतो, तिच्याच हातची ऑर्डर मला हवी. वर्षाची ऑर्डर दिली. किल्ली ह्यांनी माझ्याकडून मागून घेतली. काढताना गाठ सुटेना, तर वन्संनीच सोडवली.

त्या काही वावगं बोलल्या असत्या तर मला किती बरं वाटलं असतं.

२४ मार्च, सोमवार
आलं: कात्री एक, १४०. वन्संनी आणली, माझ्यासाठी. वाती कापायचं काम माझ्याकडे आहे. बसून करता येतं.

भाच्याला कार्ड टाकलं, तिकीट पुरतं लावून. नक्कल इथे ठेवते:

"चि. भाच्यास आशीर्वाद. तुझी पद्धत बरी आहे पण अपुरी वाटते. वातीची लांबी बारा सेंटिमीटर हवी. वन्संनी आता वातींचाही चार्ट भिंतीवर लावला असून तो मलाच भरायला सांगितला आहे. माझी सरासरी बरोबर बारा येते, तरी ठिपके बाहेर जातात. रेघा आणखी लांब मारलेल्या चालतात का? आणि एका चार्टवरचा शाईचा गोल दुसऱ्या माणसाच्या नकळत कसा खोडायचा, तेही उलट टपाली कळव."