ओळीवर बसलेली खिडकी

प्रिय ठोंब्या,

प्रिय लिहायचं म्हणून लिहिलंय, नाहीतर सध्या तू मला अजिबात प्रिय नाहीस. तीन आठवडे झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. आपल्या प्लगइनच्या तक्रारींच्या यादीत मी रीतसर तक्रार टाकली, तर 'असंच ठेवायचंय' एवढं लिहून तू ती दोन मिनिटांत बंद केलीस, जणू मी कोणी वाटेवरची बाई. म्हणून कागद घेतला. याला बंद करायचं बटण नाही. शेवटपर्यंत वाच. मध्येच टाकून दिलंस तर घरी येऊन कान धरीन, आणि तोही तुझ्या लेकीसमोर.

आधी खिडकीचं बोलू. सात वर्षांपूर्वी आपण दोघांनी जेवणाच्या टेबलाशी बसून हे प्लगइन लिहिलं. एडिटरमध्ये कोणी कोड लिहीत असलं की त्याला लागेल ती माहिती एका छोट्या खिडकीत दाखवायची, एवढंच त्याचं काम. बाकी सगळं पंधरा दिवसांत झालं, आणि ती मेली खिडकी पडद्यावर नेमकी कुठे उघडायची यावर आपण दोन महिने भांडलो. तुला कर्सरच्या वर हवी होती, मला खाली. शेवटी आई कंटाळून म्हणाली की ज्याचं काम चाललंय त्याच्या पुढ्यात बसू नये, बाजूला बसावं, एवढीही अक्कल तुमच्या कॉम्प्युटरला नाही का? तिला पडद्यावरचं ओ की ठो कळत नव्हतं, पण आपला नियम तिनेच दिला. खिडकी कर्सरच्या खाली उघडेल. खाली जागा नसेल तर वर. उजवीकडे पडदा संपत असेल तर डावीकडे सरकेल. लिहिणाऱ्याच्या ओळीवर मात्र कधीही बसणार नाही. आणि चुकांच्या सूचना वरच्या उजव्या कोपऱ्यात, गुपचूप. एवढ्याशा शहाणपणावर हजारो माणसं आपलं प्लगइन वापरायला लागली.

आणि तू काय केलंस? सगळ्या खिडक्या उचलून मधोमध आणून ठेवल्यास, थेट ओळीवर. कोपरा तर काढूनच टाकलास. वर टीप लिहिलीस, 'कोपऱ्यातल्या सूचना कोणीच बघत नाही.' कोणी सांगितलं तुला? एका बिचाऱ्याने अगदी अदबीने लिहिलं की खिडकीमुळे मला माझीच ओळ दिसत नाही, तर तू त्याला उत्तर दिलंस, 'डोळे तपासून घ्या.' हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असं बोलायला आईने शिकवलं का आपल्याला? कोणी चूक दाखवली की 'नाचता येईना अंगण वाकडं' हा तुझा जुनाच सूर. लहानपणी गणित चुकलं तरी पुस्तकच चुकीचं छापलेलं असायचं.

तीन आठवड्यांपूर्वी मी फोनवर हेच बोलले तर तू म्हणालास, अर्ध्यात सोडून गेलेल्यांनी शिकवू नये. मग फोन ठेवलास. बरोबर आहे, मी सोडून गेले. दोन वर्षांपूर्वी तुला सांगितलं की आता कंटाळा आला, तुझं तू बघ. तू किती दिवस विचारत होतास की माझं काही चुकलं का. मी नाही म्हणाले आणि विषय बदलला. त्याचा राग तू अजून धरून आहेस हे मला माहीत आहे. धर. तो खरा आहे, त्याबद्दल मी भांडणार नाही.

तुझं वाक्य इतकं झोंबलं की मी ठरवलं, याला पुराव्यानिशी खोटं पाडायचं. गेल्या शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन बसले आणि तुझी नवी आवृत्ती उतरवून घेतली. एक वही जवळ ठेवली, प्रत्येक ठिकाणी खिडकी कशी नडते ते लिहून काढायला. दोन तास काम केलं. वही कोरी राहिली. कारण मला काहीच नडलं नाही. उलट, कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा पडद्यावरची एकही सूचना माझ्याकडून निसटली नाही. मान वळवून शोधावं लागलं नाही. मला ती खिडकी आवडली रे, ठोंब्या. अगदी माझ्यासाठी शिवून आणल्यासारखी वाटली, आणि त्याचीच मला भीती वाटली.

आता नीट ऐक. मला काचबिंदू आहे. दोन वर्षांपूर्वी कळलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेले होते. डॉक्टरीणबाईंनी एका डबड्यात तोंड घालून बसवलं आणि हातात बटण दिलं. समोर बघत राहायचं, कडेला कुठे ठिपका चमकला की बटण दाबायचं. सुरुवातीला दोन-चार ठिपके आले, मग येईनातच. मला वाटलं मशीन अडकलं. मी आतूनच ओरडले की बंद पडलंय बहुतेक. त्या म्हणाल्या, नाही, चालू आहे. ठिपके येत होते. माझ्या नजरेच्या कडा गेल्या होत्या आणि मला पत्ताच नव्हता. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं लख्ख दिसतं. जे गेलं ते परत येत नाही. रोज थेंब घातले तर उरलेलं टिकतं. माझं टिकलंय. पण त्या वेळी कोपऱ्यातली सूचना मला दिसेना, माझ्या चुका वाढायला लागल्या, आणि तू त्या मुकाट्याने निस्तरत होतास. ते मला सहन होईना. म्हणून कंटाळ्याचं सोंग आणलं. ताईला जमत नाही हे तुला कळू द्यायचं नव्हतं.

बाबांचं आठवतं का? दुकानात कापडावर कात्री चालवायचे ती रेषेवरून केसभर हलायची नाही. सुईत दोरा एका दमात. आणि घरी आले की दाराची चौकट खांद्याला, टेबलाचा कोपरा गुडघ्याला, आणि कोपराशी ठेवलेला पाण्याचा पेला रोज लवंडलेला. आई त्यांना धांदरट म्हणायची. आपण पैज लावायचो, आज पेला की स्टूल. तू तर त्यांची नक्कल करून दाखवायचास आणि तेही हसायचे. कोणीच त्यांना डॉक्टरकडे नेलं नाही. कशाला नेणार? समोरचं तर सगळं दिसत होतं ना त्यांना.

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी विचारलं होतं, भावंडं आहेत का? हे घराण्यात चालतं, त्यांनाही घेऊन या. मी म्हणाले, धाकटा भाऊ आहे, आणते. आणि मूग गिळून बसले. तुला आणायचं तर आधी माझं सांगावं लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू करत दोन वर्षं काढली. तुझ्यावर एवढी आगपाखड करतेय खरी, पण खरी थोबाडीत कोणाच्या मारायला हवी ते मला कळतं.

शनिवारीच मी तुझे मागच्या वर्षभरातले सगळे बदल पहिल्यापासून वाचले. आधी खिडकीची रुंदी कमी केलीस. मग डावीकडच्या कडेला असलेले ओळींचे आकडे जाड केलेस. मग कोपऱ्यातली सूचना थोडी आत घेतलीस, मग आणखी आत, मग मधोमध. दर दीड-दोन महिन्यांनी एक पायरी आत. प्रत्येक वेळी टीप तीच, की बाहेर कोणाला दिसत नाही. सगळ्यांना दिसतं रे. म्हणून तर ते तक्रारी करतायत. दिसत नाही ते तुला आणि मला. यंदा तू गाडीचा आरसा फाटकाच्या खांबाला दोनदा घासलास, तेव्हा मीच हसून म्हणाले होते की बाबांवर गेलास.

एवढ्यासाठीच हे पत्र. गुरुवारी सकाळी दहा वाजता तुझी तपासणी ठरवली आहे. मी दवाखान्याच्या दाराशी उभी असेन. गाडीच्या किल्ल्या आत्ता, उठून, बायकोच्या हातात दे आणि तिला हे पत्र वाचायला दे. तू रोज लेकीला शेजारी बसवून शाळेत सोडतोस, आणि रस्ता ओलांडणारं माणूस समोरून नाही, कडेनेच येतं. तपासणीत काही निघालं नाही तर मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन. खिडकी तुला हवी तिथे ठेव, साऱ्या जगाच्या ओळी झाकून टाक, मी चकार शब्द काढणार नाही. आणि निघालं, तर डॉक्टरीणबाई तुला विचारतील की दोन वर्षांपूर्वी का नाही आलात, तेव्हाच थेंब सुरू झाले असते. तेव्हा तू माझ्याकडे बघशील. मी समोरच उभी राहीन, तुला दिसेन अशी.

तुझीच,
चिडलेली, त्याहून जास्त घाबरलेली
ताई