हजार नववा बांबू

प्रिय आप्पा,

एक हजार नऊला कशानेच भाग का जात नाही? जात नाही, हे मी सिद्ध करून दाखवेन. पण का, ते बीएस्सी होऊनही मला सांगता येत नाही. काल गावाच्या बेटातले बांबू पुन्हा तोडले, तुमच्यानंतर पहिल्यांदाच. म्हणून लिहायला बसले.

तुम्ही गेलात त्या दिवशी एक हजार नऊच भरले होते ना? आपली चौदा घरं. बहात्तर-बहात्तरचे वाटे लागले आणि एक उरला. नेहमीसारखे तुम्ही वाट्यांकडे पाठ करून बसलात. मागून कुणीतरी एका वाट्यावर काठी टेकवून विचारायचं, "हा कोनाचा?" आणि तुम्ही न बघता एका घराचं नाव घ्यायचं. न बघता! यात लबाडी कुठून येणार?

पण काकांना त्या एकाचा संशय. "दोन घरं बाजूला ठेव, बाराचे लाव." एक उरला. "मंग सातच कर." तरी एक. "दर टायमाला एकच कसा उरतो रे? तुझ्या घराला ना?"

तुम्ही पाठमोरेच हसलात. का हसलात, आप्पा? तोच बांबू काकांनी तुमच्या डोक्यात घातला. वळून बघितलं असतंत तर हात तरी आडवा आला असता! दुसरा घाव कानावर बसला. आई तुमचं फुटलेलं डोकं पदरात धरून ओरडत होती आणि चौदा घरं नुसती उभी होती.

मुरबाडहून कॉलेजला जाताना मी एसटीत भाग घालत बसायचे. एकतीसपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या घालून पाहिल्या. पुढे गरजच नाही, बत्तीस बत्तीसे एक हजार चोवीस होतात. कशानेच भाग जात नाही. पण एक काढा, हजार आठला साताने जातो, बाराने जातो, चौदानेही जातो. काकांनी म्हटले तसे वाटे लावले की एकच उरणार होता! तुम्ही काहीच चोरलं नव्हतंत.

काल मीच मोठ्याने मोजत होते. हजार आठ झाले आणि "थांबा" म्हटलं. जामिनावर सुटलेल्या काकांचा कोयता पुढच्या बांबूवर टेकलेला.

"बाप गेला, आता पोर आमाला मोजाया शिकवनार! तोडनार मी."

"तोड ना! तुजे पन दोन तुकडं करतो," म्हणत आपला धाकटा सागर कोयता उगारून धावला.

मी मध्ये पडले. पातं मुठीत धरलं, ते तळहातात घुसलं.

"ताई, सोड गो!"

"नाही सोडत. तू आत गेलास तर आईने कुणाकडे बघायचं?"

खोटं नाही बोलत, तो कोयता हिसकावून मीच काकांच्या मानेत घालावा, असं वाटलं होतं. मूठ सोडली नाही, एवढंच. हाताला टाके आहेत, म्हणून अक्षर वाकडं आलंय.

कोर्टात साक्ष देताना मी एक शब्द गाळणार नाही, आणि सागरला खुनी होऊ देणार नाही. हे वचन.

काल हाताला फडकं बांधलं आणि वाटे लागल्यावर तुमच्या जागी मी बसले, पाठ करून. काका मागेच उभे होते. मी वळले नाही. चौदाही घरांची नावं घेतली, त्यांच्याही. एकही बांबू उरला नाही. हजार नववा बेटात उभा आहे.

तुमची,
मनीषा